भावंडं एका आईची, फायली मात्र दोन : परदेशातून भावंडांना दत्तक घेताना

मोठीची जन्मतारीख मार्चमधली आणि धाकट्याची त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली. आई एकच. हे दोन दाखले आमच्या फायलीत कितीतरी महिने शेजारीशेजारी पडून होते, आणि एका बाईला पाच महिन्यांच्या अंतराने दोन बाळंतपणं होत नाहीत हे आमच्यासकट कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंच्या. त्यांनी दोन्ही दाखले काचेखालून आमच्याकडे सरकवले, पेनाचं टोक आधी एका तारखेवर ठेवलं, मग दुसरीवर, आणि विचारलं, "सख्खी भावंडं म्हणालात ना?"

खुलासा तसा सरळ होता. दोघांनाही मूळ जन्मदाखला नव्हताच. मोठी अनाथ मुलांच्या संस्थेत आधी आली, धाकटा नंतर. तिचं वय एका डॉक्टरांनी दात बघून ठरवलं, त्याचं दुसऱ्यांनी उंची-वजन बघून. ती कुपोषित होती, त्यामुळे होती त्यापेक्षा लहान वाटली. दोन्ही अंदाजच, पण दोन्हींवर सरकारी शिक्का. तोवर कोर्टाचा दत्तक आदेशही त्याच तारखांनी निघालेला होता, त्यामुळे ही एवढीशी गोष्ट कागदावर दुरुस्त व्हायला सात महिने गेले. मुलं तिकडे, आम्ही आलटून पालटून इकडे-तिकडे.

कायदे देशागणिक बदलतात, फायली अडकायच्या जागा मात्र बहुतेक त्याच असतात. एक मूल दत्तक घेण्याची माहिती कुठेही मिळते. दोन भावंडांच्या दोन फायली एकाच वेगाने पुढे नेणं हे काम मात्र कुठल्याच कार्यालयात कुणाच्या नावावर नसतं. ते तुम्हालाच करावं लागतं.

आधी रस्ता उघडा आहे का ते बघा

आंतरदेशीय दत्तकाचा मूळ करार म्हणजे २९ मे १९९३ चा हेग करार. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. मुलांचा देश आणि तुम्ही राहता तो देश, दोन्ही करारात असतील तर दोन्हीकडच्या केंद्रीय प्राधिकरणांमार्फतच, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयांमार्फतच, जावं लागतं. सुरुवात तुमच्या राहत्या देशातून करायची. थेट तिकडच्या अनाथाश्रमाशी बोलणी करणारा कुणी 'ओळखीचा' भेटला, तर तिथूनच मागे फिरा.

करारातला क्रम समजून घ्या, कारण तो तुमच्या फायद्याचा आहे. आधी तुमची पात्रता ठरते, मग मुलं दत्तक देण्याजोगी आहेत का हे तिकडचा देश ठरवतो, मग दोन्ही देश 'पुढे जायला हरकत नाही' असं एकमेकांना कळवतात, आणि या मुलांना तुमच्या देशात कायमचं राहता येईल हेही त्याआधीच तपासलं जातं. त्यानंतर मुलं तुमच्या हाती येतात. म्हणजे आमच्यासारखी तारखांची गफलत असेल तर ती वेळेत उघडी पडण्याची शक्यता जास्त. आमच्या मुलांचा देश कराराबाहेरचा होता. तिथे आधी कोर्ट, मग व्हिसा. चूक कळते ती शेवटच्या खिडकीवर.

देश निवडताना तिथले दरवाजे बंद व्हायला लागलेत का, याचाही कानोसा घ्या. ग्वाटेमालाने २००८ पासून परदेशी कुटुंबांसाठी नवे अर्ज बंद केले, इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तकावर बंदी घातली आणि चीनने २०२४ मध्ये नात्यातली आणि सावत्र मुलं वगळता हा मार्गच बंद केला. चीनमध्ये तर ज्यांची मुलं ठरलेली होती अशीही कुटुंबं अडकली. म्हणून तुमचं दत्तकाचं काम बघणाऱ्या संस्थेला पहिल्याच भेटीत एक प्रश्न लेखी विचारा: प्रक्रिया अर्ध्यावर असताना देशाने दार लावलं तर आमच्या अर्जाचं आणि भरलेल्या पैशांचं काय होईल? उत्तर तोंडी मिळालं तर ते मिळालंच नाही असं समजा.

होम स्टडीमध्ये दोन आकडे सैल ठेवा

होम स्टडी म्हणजे समाजसेविका घरी येऊन तुमची चौकशी करून लिहिते तो अहवाल. त्यात उत्पन्न, घर, तब्येत, नवरा-बायकोचं पटतं का, मुलांना कोण सांभाळणार, सगळं येतं. त्याला घाबरायचं कारण नाही. भावंडांच्या दृष्टीने त्यातली खरी महत्त्वाची ओळ शेवटी असते: अमुक इतक्या मुलांसाठी, अमुक वयोगटासाठी शिफारस.

मंजुरी 'एका मुलासाठी' असेल आणि नंतर दोन भावंडं सुचवली गेली, तर अहवालाला पुरवणी जोडावी लागते, मंजुरी सुधारून घ्यावी लागते आणि तेवढ्यात पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपते. म्हणून सुरुवातीलाच 'दोन भावंडं' असं स्पष्ट लिहून घ्या. तिसऱ्याची मनापासून तयारी असेल तर 'तीनपर्यंत' लिहून घ्या. तयारी नसेल तर मात्र मोठेपणा करू नका. तिसरं भावंड नंतर उगवण्याचे प्रसंग येतात आणि तेव्हा नकार देणं फार जड जातं.

वयाची वरची मर्यादा तुम्हाला वाटते त्याच्यापुढे दोन वर्षं ठेवा. फाइल चालू असताना मुलं काही वाढायची थांबत नाहीत. 'सहा वर्षांपर्यंत' अशी मंजुरी घेऊन बसलात आणि मोठं मूल वाट बघता बघता सात वर्षांचं झालं, तर तुमचीच मंजुरी तुमच्या आड येते.

आणखी एक. मोठं भावंड अनेकदा धाकट्याचं आई-बाप होऊन बसलेलं असतं. भरवणं, झोपवणं, कुणी रागावलं तर मध्ये पडणं, सगळं तेच करतं. याबद्दल समाजसेविका विचारतेच. 'प्रेमाने सगळं ठीक होईल' या उत्तराने तिचं समाधान होत नाही आणि होऊही नये. रजा किती, दोन्ही मुलांना वेगवेगळा वेळ कोण देणार, समुपदेशक कोण, हे ठरवूनच बोला.

कागदांचं गणित उलटं मांडा

प्रत्येक कागदाला मुदत असते आणि ती कधीपासून मोजतात हे जागोजागी वेगळं असतं. कुठे दाखला निघाल्याच्या तारखेपासून, कुठे फाइल तिकडे दाखल होण्याच्या तारखेपर्यंत. आम्ही कॅलेंडर उलटं लिहिलं. आधी फाइल पाठवायचा दिवस ठरवला आणि तिथून मागे आलो. भाषांतराला तीन आठवडे, अपॉस्टिलला दोन, नोटरीला दोन दिवस. सर्वांत कमी टिकणारे कागद, म्हणजे पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी, सर्वांत शेवटी काढले. पहिल्या खेपेला उत्साहात हेच दोन आधी काढले होते, आणि दोन्ही वाया गेले.

अपॉस्टिल म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ च्या करारातला शिक्का. करारातल्या एका देशाचा कागद दुसऱ्या देशात त्यावर ग्राह्य धरला जातो, वकिलातीच्या साखळीची गरज उरत नाही. मुलांचा देश या करारात नसेल तर मात्र वकिलातीची साक्षांकनं आलीच. संस्थेने हातात दिलेली यादी जुनी नाही ना, हे तपासा. चीन या करारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. त्याआधी छापलेल्या यादीप्रमाणे चालाल तर नको त्या दारात उभे राहाल.

क्रमही विचारून घ्या. काही देशांना मूळ कागदावर अपॉस्टिल आणि मग भाषांतर लागतं, काहींना भाषांतरावरही वेगळा शिक्का लागतो. आणि सगळ्यांत कंटाळवाणं पण महत्त्वाचं: तुमचं नाव प्रत्येक कागदावर अक्षरशः एकसारखं हवं. पासपोर्टवर मधलं नाव पूर्ण आणि बँकेच्या पत्रात फक्त आद्याक्षर, एवढ्यावर फाइल परत येते. भाषांतरकाराला तुमच्या नावाचं तिकडच्या लिपीतलं रूप एकदाच ठरवून लिहून द्या. दुसऱ्या भाषांतरकाराकडे जाल तिथेही तोच कागद द्या.

दोन मुलांसाठी कागदांचा एक संच पुरेल की दोन मूळ संच लागतील, हेही आत्ताच विचारा. नंतर दुसरा संच करणं म्हणजे पहिल्यापासून सगळे हेलपाटे.

मुलांची फाइल हातात आल्यावर

फोटो बघितला की माणूस कागद वाचत नाही. म्हणून आमच्या घरी नियम केला की फोटो एकाने बघायचे, कागद दुसऱ्याने वाचायचे, आणि कागद वाचणाऱ्याने हातात पेन्सिल घेऊनच बसायचं. नियम केला तो अर्थात सात महिने गेल्यावर, आरती ओवाळून झाल्यावर देव आठवावा तसा.

दोन्ही मुलांचे कागद टेबलावर आडवे समोरासमोर ठेवा आणि ओळीला ओळ लावून वाचा. आईचं नाव दोन्हीकडे सारखं आहे का? अक्षराचा फरक असला तरी खूण करा. जन्मतारखांमध्ये किमान नऊ-दहा महिन्यांचं अंतर आहे का? जन्मतारीख नोंदवलेली आहे की अंदाजाने लिहिलेली? संस्थेत आल्याची तारीख, कुणी आणून सोडलं, पत्ता, सगळं जुळतं का? न जुळणारी प्रत्येक गोष्ट कोर्टात जाण्याआधी दुरुस्त करून घ्यायची. त्या टप्प्यावर संस्थेचं पत्र, वयाची नवी वैद्यकीय तपासणी आणि नोंदणी कार्यालयातला एक अर्ज एवढ्यावर भागू शकतं. आदेश निघाल्यावर तेच काम म्हणजे आदेश दुरुस्ती, नवा जन्मदाखला, नवा पासपोर्ट, आणि मध्ये कोर्टाची सुट्टी.

दुसरी जागा संमतीची. दोघांची आई एक असली तरी वडील वेगळे असू शकतात. मग प्रत्येक वडिलांची संमती, किंवा त्यांचा हक्क संपल्याचा आदेश, वेगळा लागतो. 'भावंडं आहेत' म्हणून एकाच्या कागदावर दुसऱ्याचं काम चालत नाही. प्रत्येक मूल दत्तक देण्यास कायद्याने मोकळं असल्याचा कागद स्वतंत्र मागा. संमती पैशांच्या बदल्यात घेतलेली नसावी आणि आईची संमती मूल जन्मल्यानंतरचीच असावी, अशी हेग कराराची अट आहे. संमतिपत्रावरची तारीख बघा.

नातं सिद्ध करायला कधी डीएनए चाचणी सुचवली जाते. आई-वडील नसताना नुसत्या भावंडांची चाचणी आई-मुलाच्या चाचणीइतकी ठाम नसते. सख्खं की सावत्र, यावर उत्तर मोघम येऊ शकतं. नमुना कुणासमोर घ्यायचा आणि कुठल्या प्रयोगशाळेचा अहवाल चालेल, हे व्हिसा कार्यालयाला विचारल्याशिवाय चाचणी करू नका. आणि निकाल 'नातं नाही' असा आला तर तुम्ही काय करणार, हे नमुना देण्याआधी घरात बोलून घ्या. एका खाटेवर वाढलेली दोन मुलं स्वतःला भावंडंच मानतात. कायदा मात्र मानेलच असं नाही.

शेवटी संस्थेला हे तीन प्रश्न लेखी विचारा:

- आणखी भावंडं आहेत का, आणि ती कुठे आहेत: घरी, दुसऱ्या संस्थेत, की आधीच दत्तक गेलेली?
- ही दोघं आजवर एकत्र राहिली आहेत का? नसतील तर कधीपासून वेगळी आहेत?
- दोघांच्या फायली एकत्र चालवण्याचा कुठला आदेश किंवा नोंद आहे का?

भावंडांची ताटातूट शक्यतो करू नये हे तत्त्व २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला की निदान दोन फायली वेगळ्या करायच्या आधी अधिकारी एकदा थांबतो.

दोन फायली एका दोरीत

आम्ही प्रत्येक अर्जाच्या, प्रत्येक पत्राच्या वरच्या बाजूला दोन्ही मुलांची नावं आणि दोन्ही फाइल क्रमांक लिहायला लागलो. विषयातच: 'भावंडांचे प्रकरण, एकत्रित निर्णयासाठी'. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण दोन फायली दोन वेगळ्या टेबलांवर गेल्या की एक सुट्टीवर असलेल्या माणसाकडे जाते. वकिलाला एकच न्यायाधीश, एकच तारीख मागायला सांगा. आदेश दोन निघाले तरी चालेल, पण प्रत्येकात दुसऱ्या भावंडाचा उल्लेख हवा. पुढे नातं दाखवायला त्याहून चांगला कागद सापडणार नाही.

वयाच्या मर्यादा मोठ्या मुलासाठी आधीच तपासा. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात सर्वसाधारण मर्यादा सोळा वर्षांची आहे; पण त्याच आई-वडिलांनी दत्तक घेतलेल्या धाकट्या मुलाचं ते जन्माचं भावंड असेल तर अठरापर्यंत सूट आहे. ही सूट जन्माच्या भावंडालाच असल्याने वरच्या डीएनएच्या प्रश्नाला तिथे एकदम वजन येतं.

एक फाइल अडली आणि दुसरी मोकळी झाली तर? 'एकाला घेऊन जा, दुसऱ्याला नंतर न्या' असा सल्ला सगळे देतात आणि तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. माझं मत: तातडीचं वैद्यकीय कारण सोडलं तर थांबा. मागे राहिलेल्याला तुम्ही कितीही समजावलं तरी त्याला कळतं ते एवढंच की आपल्याला ठेवून ताई गेली. शिवाय एक फाइल निकाली निघाली की दुसरीची घाई कुणालाच राहत नाही.

फाइल हलत नसेल तेव्हा 'लवकर करा' असं लिहू नका. विचारा: कुठला कागद बाकी आहे, तो कुणाकडून यायचा आहे, आणि पुढची तारीख कोणती? एका पत्रात एकच प्रश्न. पत्राची पोच, आवक क्रमांक आणि बोललेल्या माणसाचं पद वहीत तारखेनिशी टिपा. दोन आठवड्यांनी त्याच पोचेचा हवाला देऊन पुढचं पत्र. मध्येच कुणी 'थोडं दिलं तर फाइल वर येईल' म्हणालं तर देऊ नका. नैतिकतेचं राहू द्या, व्यवहाराने बघा: दत्तकातून गैरवाजवी पैसा मिळवायला हेग करारानेच मनाई आहे, आणि असा व्यवहार पुढे उघडकीला आला तर मुलांचा आदेशच धोक्यात येतो. रीतसर फी भरा, प्रत्येक पैशाची पावती घ्या आणि फी कुटुंबामागे आहे की मुलामागे, हे आधीच लिहून घ्या. मुलांच्या जन्मदात्या कुटुंबाशी परस्पर संपर्कही नको. संमतीच्या बाबी पूर्ण होण्याआधी करार तो करू देत नाही, अपवाद नात्यातल्या दत्तकाचा किंवा प्राधिकरणाच्या अटींप्रमाणे झालेल्या भेटीचा.

कोर्टातून बाहेर पडण्याआधी

आदेश हातात आला की रडू येतं, मिठ्या मारल्या जातात, फोटो काढले जातात. ते करा, पण कोर्टाच्या आवारातच बसून आदेश वाचा. नावांची स्पेलिंगं, तारखा, पासपोर्ट क्रमांक, 'पूर्ण दत्तक' असा उल्लेख. काही देशांत साधं दत्तक असतं, ज्यात जन्मदात्यांशी कायदेशीर नातं पूर्ण तुटत नाही. तुमच्या देशात ते पूर्ण दत्तकात बदलून घ्यावं लागू शकतं. प्रत्येक मुलाच्या आदेशाच्या प्रमाणित प्रती पाच-पाच घ्या. परत येऊन मागवणं म्हणजे नवा अध्याय. हेग प्रकरण असेल तर कराराप्रमाणे दत्तक झाल्याचं प्रमाणपत्र दोघांचं वेगवेगळं मिळायला हवं.

वैद्यकीय तपासणीला वेळ राखून ठेवा. एखाद्या मुलाच्या छातीच्या एक्स-रेत क्षयाची शंका आली आणि थुंकीचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढतात का हे बघणारी चाचणी, लावावं लागलं, तर निकालाला आठ आठवडे जाऊ शकतात. तपासणी दोघांची एकाच दिवशी आणि शक्य तितकी लवकर करून घ्या, म्हणजे थांबावं लागलं तरी ते तिकिटं काढण्याआधी कळेल.

घरी आल्यावर राहिलेली कामं

नागरिकत्व आपोआप मिळतं असं गृहीत धरू नका. अमेरिकेत दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला आणि त्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना तो लागू नव्हता. लहानपणी तिथे गेलेल्या आणि पालकांनी अर्ज करायचा राहून गेलेल्या काही जणांना मोठेपणी देशाबाहेर घालवण्यात आलं. तुमच्या देशाचा नियम वाचा, अर्ज करा, आणि दोन्ही मुलांची प्रमाणपत्रं हाती येईपर्यंत काम झालं म्हणू नका.

मुलांच्या देशाला ठरावीक काळाने अहवाल पाठवायचे असतात, बहुतेक प्रत्येक मुलाचा वेगळा. ते कंटाळवाणे आहेत. तरी पाठवा, कारण आधीच्या कुटुंबांनी अहवाल बुडवले म्हणून पुढच्यांच्या फायली थांबल्याच्या तक्रारी ऐकू येतात.

कागद जपताना फक्त बरोबर असलेलेच जपू नका. आमच्या मोठीची तारीख दुरुस्त होऊन पावणेदोन वर्षं मागे गेली. तिला शाळेत घालताना नव्या तारखेचा दाखला दिला, तर लसीकरणाच्या कार्डावर आणि संस्थेच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर जुनीच तारीख. मग जुना दाखला, दुरुस्तीचा आदेश आणि नवा दाखला असे तिन्ही कागद एका पिनेत लावून दिले, तेव्हा प्रवेश झाला. तो संच आता एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. त्याच्या दोन प्रती वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यातली एक धाकट्याच्या फायलीत.